ओल कुठे राहिली? रंगवलेल्या दागिन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत माती आहे, तांबं आहे, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आहे. तक्रार मात्र बहुतेकांची एकच: काल छान दिसत होतं, आज बिघडलं. यातल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ मातीत, रंगात नाहीतर हवेत राहून गेलेल्या ओलीत आहे. म्हणून मातीच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : जुलैमध्ये मातीच्या कानातल्यांचे ३० जोड केले. दोन दिवस पंख्याखाली सुकवले आणि कुंभारांच्या भट्टीत दिले. त्यातले ११ जोड फुटून आले. भट्टीवाले काका म्हणाले, "माती कच्ची होती." मातीत हवेचे बुडबुडे राहिले असतील का? – एक वाचक, सिडको

उत्तर : बुडबुड्यांची उगाच बदनामी झाली आहे. काकांचं बरोबर आहे. माती वरून पांढुरकी दिसली तरी पोटात पाणी असतं. भट्टी १०० अंशांच्या पुढे गेली की त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे १,७०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट आणि वेळ मिळाला नाही तर ती दागिना फोडून निघते. बुडबुडा असलेला पण पूर्ण कोरडा मणी सहसा शाबूत राहतो. ओला मणी बुडबुड्याशिवायही फुटतो.

कोरडेपणा डोळ्यांनी तपासू नका, गालाने तपासा. दागिना हातात न घोळवता उचला आणि गालाला लावा. गार लागला तर आतून अजून पाणी उडतं आहे. खोलीइतकाच लागला तर भट्टीला तयार. बोटांना हा फरक कळत नाही, गालाला लगेच कळतो.

नाशिकच्या पावसाळ्यात ५-६ मिलिमीटर जाडीच्या लटकनाला १० ते १२ दिवस द्या. एप्रिल-मेमध्ये तेच काम ३-४ दिवसांत होतं, पण तेव्हा उलटी अडचण येते. कडा आधी सुकून आकसतात, मधला भाग मागे राहतो आणि चकती पापडासारखी वळते. त्यासाठी पहिले दोन दिवस वर सुती कापड टाकायचं, रोज एकदा उलटायचं आणि पंखा थेट लावायचा नाही. ६ मिलिमीटरपेक्षा जाड काही करूच नका. ते सुकायला वेळ घेतं आणि कानालाही जड होतं. तयार कानातलं प्रत्येकी ८-१० ग्रॅमच्या आत ठेवावं.

फुटलेले तुकडे टाकून देऊ नका, त्यांच्याकडे नीट बघा. भुगा किंवा ढलप्या झाल्या असतील तर दोष ओलीचा. दोन भाग जोडले तिथे स्वच्छ भेग असेल तर जोडताना दोन्ही बाजू सुईने खरवडून मधे त्याच मातीचा पातळ लगदा लावलेला नाही. भेग आरपार, धारदार काठाची असेल तर भट्टी गरम असतानाच उघडली असावी. मातीतलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना आकारमान बदलतं, तापतानाही आणि निवतानाही. तो टप्पा घाईने ओलांडला की तडे जातात.

आणखी एक दोष उशिरा दिसतो. भट्टीतून अखंड आलेल्या दागिन्याचा टवका आठवड्याभराने उडतो आणि खळग्यात पांढरा ठिपका दिसतो. तो चुनखडीचा खडा. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे खडे भरपूर. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो आणि फुगून वरचा थर उडवतो. माती पाण्यात पातळ करून ६० किंवा ८० नंबरच्या चाळणीतून गाळली की हे टळतं. आणलेली माती 'गाळलेली आहे' असं कुणी सांगितलं तरी घरी एकदा गाळाच.

मापाचंही याच पत्रात विचारलं आहे. माती सुकताना आणि भाजताना मिळून ८-१० टक्के आकसते. नेमकं कळायला मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती पट्टी भाजून घ्या. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर आकस १० टक्के. मग तयार पेंडंट ४ सेंटिमीटरचं हवं असेल तर ४ ला ०.९ ने भागून ४.४५ चं कापायचं. २ मिलिमीटरच्या भोकासाठी ओल्या मातीत अडीच मिलिमीटरची काडी वापरा आणि काठापासून निदान ३ मिलिमीटर आत भोक पाडा.

भट्टीत देताना दागिने झाकणाच्या मडक्यात घालून द्या, म्हणजे निखारे अंगावर येत नाहीत. मडक्यात लाकडाचा भुसा दाबून भरला आणि झाकण मातीने लिंपलं तर दागिने काळे होऊन येतात. तो काळा रंग म्हणजे मातीत शिरलेला कार्बन, पुसला तरी जात नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठांची, नवरात्राआधी घटांची, दिवाळीआधी पणत्यांची गर्दी असते तेव्हा कुंभारवाड्यात आपल्या मडक्यासाठी गळ घालू नये. गणपती आणि पितृपक्ष यांच्या आगेमागे आधी विचारून ठेवलेलं बरं.

प्रश्न : घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २३० अंशांवर दोन तास ठेवले तर चालेल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. ६०० अंशांच्या खाली माती मातीच राहते, पाण्यात टाकली की विरघळते. ओटीजीचा उपयोग एवढाच की भट्टीत देण्याआधी ८०-९० अंशांवर दोन-तीन तास ठेवून उरलीसुरली ओल काढता येते. पावसाळ्यात तेही खूप झालं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अजिबात नको.

प्रश्न : एमडीएफच्या चकत्यांवर ॲक्रिलिकने रंगवलेली कानातली प्लास्टिकच्या पाकिटात घालून प्रदर्शनात नेली. काढताना रंग पाकिटाला चिकटून निघाला. रंग चार दिवस वाळला होता. डिसेंबरात केलेल्या दुसऱ्या लॉटला बारीक भेगा पडल्या. रंग खराब निघाला का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : रंग चांगलाच असावा. ॲक्रिलिक सुकणं वेगळं आणि पिकणं वेगळं. हाताला कोरडा लागायला अर्धा तास पुरतो. तेव्हा वरचं पाणी गेलेलं असतं, पण आतले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा व्हायला पातळ थरालाही १०-१५ दिवस लागतात. तोवर तो मऊ असतो आणि दुसऱ्या गुळगुळीत मऊ पृष्ठभागाला, म्हणजे नेमकं प्लास्टिकच्या पाकिटाला, दाबाखाली चिकटतो. पूर्ण पिकल्यावरही उष्णतेने थोडा मऊ पडतोच. मे महिन्यात दुपारी स्कूटीच्या डिकीत ठेवलेला माल म्हणूनच चिकटतो. दागिने आधी बेकिंगच्या सिलिकॉन कागदात गुंडाळा, मग पाकिटात घाला.

आता भेगा. ते कण एकजीव व्हायला ऊब लागते. साधारण ९-१० अंशांखाली पाणी उडून जातं पण कण सुटे राहतात, आणि थर ठिसूळ नाहीतर भुरभुरीत होतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जाणं नवीन नाही, निफाडकडे तर त्याहून खाली. तुम्ही गॅलरीत रात्रभर सुकायला ठेवलं असेल तर कारण तेच. थंडीत रंगकाम सकाळी ११ ते ४ मध्ये उरका आणि रात्री ट्रे आतल्या खोलीत घ्या. कपाटाच्या वरचा कप्पा सगळ्यात उबदार असतो.

भेगांची आणखी दोन कारणं तपासा. एक, थर जाड दिला असेल तर वरची साय आधी धरते आणि खालचा भाग नंतर आकसतो. दोन पातळ थर, मधे अर्धा तास, हे एका जाड थरापेक्षा केव्हाही सरस. दुसरं, रंगात पाणी जास्त पडलं असेल. रंगाच्या साधारण ३० टक्क्यांपुढे पाणी गेलं की चिकटवणारा अंश विरळ होतो आणि बोट फिरवलं की पूड हाताला लागते. पातळ रंगच हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम घाला.

एमडीएफची खरी दुखरी जागा त्याची कड. पाठपोट दाबून घट्ट झालेले असतात, कड स्पंजसारखी पाणी पिते आणि फुगते. कडेला प्रायमरचे तीन हात द्या, पाठपोटाला एक पुरे. प्रत्येक हातानंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. शेवटी कडेवर पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटं थांबा. थेंब गोल राहिला तर कड बंद झाली, पसरून गडद डाग पडला तर आणखी एक हात. एमडीएफ घासताना एन-९५ मास्क हवाच. ती धूळ बारीक असते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो.

रंग नीट धरला का, हे माल विकण्याआधी कळायला हवं. प्रत्येक लॉटमधली एक चकती बळी द्या. ब्लेडने रंगावर २-२ मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पाडा, २५ चौकोन होतात. वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. एकदोन चौकोन निघाले तर ठीक. जास्त निघाले तर पट्टीची चिकट बाजू उजेडात धरा. रंगामागे पांढरी किंवा भुरी धूळ दिसली तर घासल्यावर पुसलेलं नाही. प्रायमरसकट निघून खालचा पृष्ठभाग लखलखीत उघडा पडला असेल तर तिथे तेल नाहीतर बोटांचा घाम होता.

प्रश्न : भांडी बाजारातून तांब्याच्या चकत्या कापून आणल्या. चिंचेने चकचकीत घासून रंगवल्या. महिन्याभरात रंगाखालून हिरवं आलं. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : चिंच आणि मीठ तांब्याचा काळपटपणा झकास काढतात, पण त्यांचा अंश मागे राहिला तर तोच रंगाखाली बसून तांबं खातो. घासल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात (एका पेल्याला एक चमचा) पाच मिनिटं बुडवा, वाहत्या पाण्यात धुवा, लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने भोकाची कड कोरडी करा. मग ४०० नंबरच्या पेपरने एका दिशेने खरखरीत करा. आरशासारखी चमक रंगाला धरायला जागाच देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर चकती फक्त कडेने धरा. धातूचा प्रायमर पातळ मारून २४ तास थांबा, मगच ॲक्रिलिक. पाठीला पारदर्शक लॅकर द्या, नाहीतर घामाने गळ्यावर हिरवट डाग पडतो.

प्रश्न : गेरूच्या रंगावर वारली चित्रं काढते. पांढरी रेघ मधेमधे तुटते. तांदळाच्या पिठाने काढावं का? आणि अशा दागिन्यांना 'वारली दागिने' म्हणून विकलेलं चालतं का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : रेघ तुटते याची दोन कारणं: रंग घट्ट आहे किंवा खालचा थर चकचकीत आहे. पांढरा टायटॅनियम ॲक्रिलिक दुधावरच्या पातळ सायीइतका सैल करा. ब्रश आखूड केसांचा ००० नंबरचा घेतला तर तो दोन सेंटिमीटरमध्येच कोरडा पडतो. लांब केसांचा लायनर घ्या, त्याच्या पोटात रंग साठतो आणि टोक तितकंच बारीक राहतं. ब्रश उभा धरा आणि मनगट न हलवता चकतीच फिरवा. खालचा थर मॅट हवा. चकचकीत थरावर पांढरा रंग दवासारखा थेंबाथेंबाने गोळा होतो. ३ सेंटिमीटरच्या चकतीवर माणूस ८-९ मिलिमीटरचा पुरे. आधी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढा, मग हातपाय, आणि डोकं सगळ्यात शेवटी, टाचणीच्या माथ्याने ठिपका देऊन.

भिंतीवरच्या चित्राला तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक शोभतो, कारण ती भिंत कुणी अंगावर घालत नाही. दागिन्यावर तो घामाने सुटतो आणि ओलीत बुरशी धरतो. बांबूची चावून कुंचलीसारखी केलेली काडी मात्र जरूर वापरून बघा. तिची रेघ किंचित जाडबारीक येते आणि ब्रशच्या रेघेहून जिवंत दिसते.

नावाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण) आहे. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या आपल्याच तालुक्यांत वारली समाज राहतो. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रेघेसाठी. वारली कलाकाराकडून रंगवून घेतलं नसेल तर चिठ्ठीवर 'वारली शैलीतील' असं लिहा. तारपा नाच, झाडं, पक्षी, शेतीची कामं दागिन्यावर शोभतात. लग्नात भिंतीवर काढायचा चौक आणि त्यातली पालघाट देवी हा विधीचा भाग आहे, ती पैंजणावर नको.

प्रश्न : ऑगस्टमध्ये स्प्रे व्हार्निश मारलं आणि गडद निळ्या रंगावर दुधाळ साय आली. – एक वाचक, सातपूर

उत्तर : स्प्रेतला द्रव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि त्या गारव्यावर हवेतली वाफ दवासारखी बसून थरात अडकते. गडद रंगावर ती जास्त दिसते इतकंच. पुसू नका, खरवडूही नका. कोरडी दुपार मिळाली की त्याच स्प्रेचा अगदी पातळ हात २५ सेंटिमीटरवरून फिरवा. खालचा थर पुन्हा सैल होतो आणि ओल निघून जाते. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा, काटा ७० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी स्प्रेला हात लावायचा नाही. पावसाळाभर ब्रशने लावायचं पाण्याचं पॉलियुरेथेन व्हार्निश वापरलेलं सोयीचं. मॅट व्हार्निश असेल तर बाटली तळापासून ढवळा, हलवू नका, फेस येतो. मॅटपणा देणारी पूड तळाशी बसते आणि न ढवळता वापरलं की शेवटच्या दागिन्यांवर पांढुरकी झाक येते.

जाता जाता: अत्तराचे स्प्रे आणि सॅनिटायझर यांतलं अल्कोहोल ॲक्रिलिक मऊ करतं. 'आधी अत्तर, मग दागिना' एवढं चिठ्ठीवर छापा.

प्रश्न : जर्मन सिल्व्हरचे हुक लावले. चांदी असूनही गिऱ्हाइकांच्या कानाला खाज येते. – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, आणि खाज बहुधा निकेलची. ९२.५ चांदीचे किंवा ३१६एल सर्जिकल स्टीलचे हुक लावा. फारच नाजूक कान असतील तर टायटॅनियम. हुकाला पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय चार दिवस टिकतो. आणि कडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला ओढू नका, एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडा आणि तशीच मिटवा. ओढून उघडलेली कडी पुन्हा कधीच पूर्ण गोल मिटत नाही, आणि लटकन नेमकं त्या फटीतून हरवतं.

प्रश्न : एका दुकानात ३० टक्के कमिशनवर माल ठेवायचा आहे. किंमत कशी काढू? – एक वाचक, अंबड

उत्तर : आकडे नमुन्याचे घेऊ. एका जोडाला माती, रंग, हुक, भट्टीचा वाटा आणि खोका मिळून ३७ रुपये. २० जोडांच्या लॉटला १५ तास, म्हणजे जोडामागे ४५ मिनिटं. ताशी १०० रुपये धरले तर ७५. झाले ११२. पण वीसातले तीन फुटतात किंवा बिघडतात, त्यांचा खर्च उरलेल्या सतरांवर बसतो: ११२ गुणिले २०, भागिले १७, म्हणजे १३२. इथवर जवळपास सगळे येतात आणि पुढच्या पायरीवर घसरतात. १३२ मध्ये ३० टक्के मिळवून १७२ किंमत लावतात. दुकानदार ३० टक्के घेतो ते १७२ वर, म्हणजे जवळपास ५२, आणि तुमच्या हातात १२० येतात. जोडामागे १२ रुपये खिशातून गेले. १३२ ला ०.७ ने भागा, १८९ येतात, १९० लावा. यात नफा अजून धरलेलाच नाही, फक्त मजुरी आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करायची असेल तर ती सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, एजंटाला पैसे देऊ नका.

प्रश्न : कुरिअरसाठी द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या वापरल्या तर चालतील का? आमच्याकडे ढिगाने असतात. – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : पेटी चांगली, मजबूत असते. आतला ग्रेप गार्डचा कागद मात्र आधी काढून टाका. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सोडतं. द्राक्षाला बुरशीपासून वाचवणारा हाच वायू हुक काळे पाडतो आणि काही रंग फिके करतो. पेटी दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, वास पूर्ण गेला की वापरा. दागिने छोट्या खोक्यांत, खोकी पेटीत, आणि मधल्या जागेत चुरगळलेला कागद इतका की पेटी हलवल्यावर आवाज येता कामा नये.